निकेल-सालेनचा स्फटिक : वजनकाट्यापासून सीआयएफ या रचनेच्या फायलीपर्यंत

शिफ बेसचा (अमीन आणि अल्डिहाइड जोडून मिळणाऱ्या संयुगाचा) निकेल कॉम्प्लेक्स (मध्ये धातू, भोवती त्याला जोडलेला रेणू) बनवायला एक दुपार पुरते. एक्स-रे यंत्रावर बसवता येईल असा त्याचा स्फटिक मिळवायला मात्र महिनाही लागू शकतो. एमएस्सीच्या प्रकल्पात नेमकं उलट नियोजन होतं. दोन महिने संश्लेषणात जातात, शेवटच्या आठवड्यात कुपीत जे काही चमकताना दिसेल ते उचलून एक्स-रे यंत्राच्या केंद्राकडे पाठवलं जातं. तिथलं एक्स-रे यंत्र म्हणजे डिफ्रॅक्टोमीटर. तो त्या एका कणाची रचना प्रामाणिकपणे सांगतो. तो कण तुमच्या कॉम्प्लेक्सचा होता की नाही, हे त्याला माहीत नसतं. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर एक सवय धरावी : कुपीतला रंग, चुंबकत्व आणि बंधलांबी या तिघांची साक्ष जुळते का, ते पाहायचं. जुळली नाही तर आर-फॅक्टर (मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक, कमी तितका चांगला) कितीही देखणा असो, रचनेवर विश्वास ठेवू नये.

सरावासाठी सालेन हा लिगँड (धातूला धरणारा रेणू) निवडावा. दोन सॅलिसिलाल्डिहाइड आणि एक इथिलीनडायअमीन मिळून तयार होणारा हा चार दातांचा, म्हणजे धातूला चार ठिकाणी धरणारा शिफ बेस. ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये अमीन आणि अल्डिहाइडची ही अभिक्रिया नोंदवली, आणि सालेनचे धातू-कॉम्प्लेक्स १९३३ पासून माहीत आहेत. निकेल-सालेनची रचना स्फटिकरचनांच्या डेटाबेसमध्ये आधीच असल्यामुळे तुमचे आकडे ताडून पाहता येतात. हात बसला की अल्डिहाइडच्या जागी ओ-व्हॅनिलिन किंवा अमीनच्या जागी दुसरं डायअमीन घ्या आणि स्वतःच्या नव्या कॉम्प्लेक्सकडे वळा. पद्धत तीच राहते.

लिगँड

सॅलिसिलाल्डिहाइड २.४४ ग्रॅम (२.१३ मिली, २० मिलिमोल) ३० मिली इथेनॉलमध्ये घेऊन साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत गरम करा. इथिलीनडायअमीन ०.६० ग्रॅम (०.६७ मिली, १० मिलिमोल) ५ मिली इथेनॉलमध्ये मिसळून ढवळत थेंबथेंब टाका. अमीन अल्डिहाइडमध्ये टाकायचं, उलट नाही. सुरुवातीला अल्डिहाइड भरपूर असलं की अमीनची दोन्ही टोकं बांधली जातात आणि अर्धवट संघननाचा धोका कमी होतो. काही मिनिटांतच गर्द पिवळे चकचकीत पापुद्रे दिसू लागतात. अर्धा तास गरम ठेवून बर्फात थंड करा, गाळा, थंड इथेनॉलने धुवा. पूर्ण उत्पादन २.६८ ग्रॅम. वितळणबिंदू १२५ ते १२८ अंशांच्या आसपास आणि अरुंद पट्ट्यात हवा.

तो खाली आला किंवा पसरला तर दोष बहुधा बाटल्यांमध्ये असतो. इथिलीनडायअमीन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा दोन्ही ओढून घेतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरा थर दिसत असेल तर वजनकाट्यावरचे ०.६० ग्रॅम हे खरे ०.६० ग्रॅम नाहीत. गोव्याच्या दमट हवेत हा थर लवकर धरतो, त्यामुळे बाटली पॅराफिल्म लावून डेसिकेटरमध्येच ठेवावी. जुनं सॅलिसिलाल्डिहाइड लालसर तपकिरी झालेलं असतं. ते कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्या. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश आहे, साध्या दाबाखाली उकळत बसू नये.

कॉम्प्लेक्स

लिगँड ०.५३७ ग्रॅम (२ मिलिमोल) ३० मिली गरम मिथेनॉलमध्ये विरघळवा. निकेल अॅसिटेट टेट्राहायड्रेट ०.४९८ ग्रॅम (२ मिलिमोल) १५ मिली कोमट मिथेनॉलमध्ये विरघळवून हळूहळू त्यात टाका आणि दीड तास रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत आत पडेल असं उकळवा). द्रावण पिवळ्या-हिरव्यावरून नारिंगीकडे जातं आणि विटकरी लाल साका बसतो. गाळून मिथेनॉलने दोनदा धुवा आणि निर्वातात सुकवा. पूर्ण उत्पादन ०.६५ ग्रॅम.

अॅसिटेटच का? कारण लिगँडवरचे दोन फिनॉलिक प्रोटॉन कोणीतरी उचलायला हवेत, आणि अॅसिटेट ते काम स्वतःच करतं. निकेल क्लोराइड वापरलं तर ट्रायइथिलअमीन ४ मिलिमोल (०.५६ मिली) वेगळं घालावं लागतं. मग मागे राहणारं त्याचं हायड्रोक्लोराइड कधीकधी सुंदर रंगहीन सुया होऊन बसतं आणि नवशिक्याला फसवतं. निकेल नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं, जुलैत काट्यावर त्याचा आकडा स्थिर राहत नाही. परक्लोरेट मीठ या कामाला लागत नाही. ते स्फोटक ठरू शकतं, त्याला प्रयोगशाळेत आणूच नये.

हातमोजे नायट्राइलचे घाला, भुकटी हुंगली जाणार नाही असं बघा. निकेलची संयुगं कर्करोगकारक मानली जातात आणि त्वचेला कायमची अॅलर्जी लावू शकतात. गाळलेलं द्रावण आणि धुण्याचं मिथेनॉल वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये. आपल्याकडची सांडपाण्याची वाट शेवटी खाडीकडेच जाते, मोरीत काही ओतताना हे लक्षात असावं.

स्फटिक वाढवायला घेण्याआधी तीन तपासण्या उरकून घ्या. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) लिगँडची सी-एन दुहेरी बंधाची पट्टी १६३५ प्रति सेंमीच्या आसपास असते. कॉम्प्लेक्समध्ये ती १० ते २० ने खाली सरकते आणि रुंद ओएच पट्टी जाते. ३४०० जवळ नवी रुंद पट्टी आली तर पाणी आत आहे. दुसरी तपासणी मूलद्रव्यांची : निकेल-सालेनसाठी कार्बन ५९.१३, हायड्रोजन ४.३४, नायट्रोजन ८.६२ टक्के. पाण्याचा एक रेणू धरला तर कार्बन ५६.०३ वर येतो. तीन टक्क्यांचा फरक लपत नाही. तिसरी एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद). चौरस-सपाट (चार शेजारी एकाच प्रतलात असलेल्या) निकेलमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, त्यामुळे डीएमएसओ या द्रावकात रेघा तीक्ष्ण येतात आणि इमिनचा प्रोटॉन ७.९ पीपीएमच्या आसपास दिसतो. रेघा फुगलेल्या, भलत्याच जागी पसरलेल्या असतील तर कुठेतरी अष्टफलकी (सहा शेजारी असलेला), दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचा निकेल आहे.

स्फटिक वाढवणं, आणि गोव्याची हवा

इथे घाई चालत नाही आणि पुस्तकातली कृती जशीच्या तशीही चालत नाही. त्या कृती बहुतेक थंड, कोरड्या हवेच्या प्रयोगशाळांत लिहिलेल्या असतात.

निकेल-सालेन मिथेनॉलमध्ये फारसं विरघळत नाही, डीएमएफ या द्रावकात बऱ्यापैकी विरघळतं. १० मिग्रॅ पदार्थ ३ मिली गरम डीएमएफमध्ये घ्या आणि ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून ५ मिलीच्या स्वच्छ कुपीत गाळा. हे गाळणं टाळू नका. धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीज, आणि शंभर बीजं म्हणजे शंभर निरुपयोगी सुया. कुपीला सैल झाकण लावून ती ३० मिलीच्या बरणीत ठेवा, बरणीत ६ ते ८ मिली प्रतिद्रावक (ज्यात पदार्थ विरघळत नाही असं द्रव) घाला आणि बरणी घट्ट बंद करा. प्रतिद्रावकाची वाफ सावकाश आत जाते, विद्राव्यता कमी होते, स्फटिक वाढतात.

प्रतिद्रावक म्हणून बहुतेक शोधनिबंधांत डायइथिल ईथर लिहिलेलं असतं. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश. एप्रिल-मेमध्ये ताळगावच्या पठारावर काय किंवा मडगावात काय, एसी नसलेल्या खोलीत दुपारी पारा ३३-३४ वर असतो. म्हणजे बरणीतलं ईथर जवळजवळ उकळत असतं. वाफ एका दिवसात आत घुसते आणि तळाशी लाल भुकटी मिळते, शिवाय झाकण उडण्याचा आणि आगीचा धोका वेगळा. उन्हाळ्यात त्याऐवजी मिथिल टर्ट-ब्युटिल ईथर वापरा. त्याचा उत्कलनबिंदू ५५ अंश आहे, त्यामुळे विसरण आठ-दहा दिवस शांतपणे चालतं. डायक्लोरोमिथेनची गत अशीच : ४० अंशांना उकळणारं हे द्रावक उघड्या बाष्पीभवनाला डिसेंबर-जानेवारीतच बरं.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. डीएमएफ पाणी ओढतं आणि पाणी स्वतःच प्रतिद्रावक आहे, त्यामुळे सैल झाकणाची कुपी बाहेर राहिली तर तुम्ही न ठरवलेलं स्फटिकीकरण सुरू होतं. उघडं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर साचतो. याहून वाईट म्हणजे ओल्या द्रावणात, विशेषतः आम्लाचा अंश असेल तर, इमिनचा बंध तुटून मूळ अल्डिहाइड सुटतं. मग लाल द्रावणातून काही आठवड्यांनी हिरवे स्फटिक येतात. त्यात निकेलला सॅलिसिलाल्डिहाइडचे दोन आयन आणि पाण्याचे दोन रेणू चिकटलेले असू शकतात, शिफ बेस कुठेच नसतो. असे स्फटिक बहुधा सुरेख असतात, त्यामुळे तेच उचलले जातात. जून ते सप्टेंबर या काळात कोरडं डीएमएफ घ्या आणि बरण्या सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जेल गुलाबी झालं की भट्टीत तापवून परत वापरा.

वाफेचं विसरण आणि उघडं बाष्पीभवन यांखेरीज तिसरी पद्धत म्हणजे सावकाश थंड करणं. ती पावसाळ्यात आणि वीज जाणाऱ्या दिवसांत आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते. गरम संपृक्त डीएमएफ द्रावणाची घट्ट बंद कुपी ९० अंशांच्या पाण्याने भरलेल्या साध्या थर्मासमध्ये सोडायची आणि बूच लावून दोन दिवस हात लावायचा नाही. तापमान तासाला काही अंशांनीच उतरतं, वीज लागत नाही.

बरण्या फ्रिजवर किंवा पंपाजवळच्या टेबलावर ठेवू नका, सततच्या हादऱ्याने बीजं वाढतात. रात्री एसी बंद होणारी खोलीही नको : दिवसा २४, रात्री ३० अशा झोक्यात स्फटिक विरघळून पुन्हा जमतो आणि त्याच्यावर जुळ्यांचे (वेगळ्या दिशेने चिकटून वाढलेल्या स्फटिकांचे) थर चढतात. चतुर्थीच्या सुट्टीआधी प्रत्येक बरणीतली पातळी बघा. द्रावक पूर्ण आटलं तर चांगल्या स्फटिकांवर अशुद्धींची साय बसते, आणि ज्यांच्या जाळीत (रेणूंच्या मांडणीत) द्रावक आहे ते तडकून पांढुरके होतात. एका पद्धतीवर विसंबू नका, एकाच वेळी दहा-बारा कुप्या लावा.

उचलायचा कोणता?

रंग पहिली चाळण. विटकरी लाल किंवा नारिंगी : चौरस-सपाट निकेल. पिवळे पापुद्रे : उरलेला लिगँड. हिरवे : निकेलचं मीठ, तुटलेला लिगँड, किंवा खरंच अष्टफलकी कॉम्प्लेक्स. शेवटचा पर्याय असेल तर चुंबकीय आघूर्ण २.८ ते ३.३ बोर मॅग्नेटॉनच्या पट्ट्यात यायला हवं.

मग ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक. स्फटिक फिरवताना दर ९० अंशांनी तो संपूर्ण एकदम काळा व्हायला हवा. अर्धा काळा आणि अर्धा उजळ राहिला तर ते जुळं आहे, ब्लेडने तेलाखाली कापून एक भाग घ्या. आकार ०.१ ते ०.३ मिमी, शक्यतो तिन्ही दिशांनी सारखा. मोठा म्हणजे चांगला, हा समज सोडून द्या : किरणांच्या झोताबाहेर जाणारा स्फटिक शोषणाची दुरुस्ती (स्फटिक स्वतः शोषतो त्या किरणांचा हिशेब) बिघडवतो.

केंद्र बाहेरचं असेल तर, उदाहरणार्थ चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधलं सैफ (बाहेरच्यांसाठीही खुलं उपकरण केंद्र), कोणाकडे कोणतं यंत्र आहे ते आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर पाहता येतं. द्रावकासह भरलेली कुपी कुरियर घेत नाही, ज्वलनशील माल म्हणून ती परत येते. जाळीत द्रावक नसेल तर स्फटिक कोरडेच, कापूस घातलेल्या कुपीत पाठवा. द्रावक असेल तर जाड सिलिकॉन किंवा पॅराटोन तेलात बुडवून पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत अपेक्षित सूत्र, द्रावकं, रंग आणि कोणतं अणू-संयोजन शक्य आहे ते लिहा.

डेटा

मॉलिब्डेनमची किरणं (०.७१०७३ आँगस्ट्रॉम) नेहमीची. स्फटिक बारीक असेल तर तांब्याची (१.५४१८ आँगस्ट्रॉम) मागा. तांब्याच्या किरणांची ऊर्जा निकेलच्या शोषणकडेच्या खाली पडते, म्हणून कोबाल्ट किंवा लोखंडासारखी प्रतिदीप्तीची धूसर पार्श्वभूमी निकेलमध्ये येत नाही.

पूर्ण डेटा घेण्याआधी युनिट सेल (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा मूळ ठोकळा) काढून थांबा. ती डेटाबेसमध्ये शोधा. सेल आधीच्या कोणाशी जुळली तर यंत्राचा दिवस वाचला. मग आकारमानाचा हिशेब : हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला सुमारे १८ घन आँगस्ट्रॉम, दाट रचलेल्या सपाट सुगंधी (अॅरोमॅटिक) रेणूंत १६ पर्यंत. निकेल-सालेनमध्ये असे २१ अणू, म्हणजे रेणूमागे ३४० ते ३८०. सेलमध्ये चार रेणू असतील तर साधारण १३५० ते १५००. हिशेबात रेणूमागे ९०-१०० घन आँगस्ट्रॉम उरत असतील तर डीएमएफचा एक रेणू आत बसला आहे असं समजा. हा दोन मिनिटांचा गुणाकार पुढचे दोन दिवस वाचवतो.

१०० केल्विनवर डेटा घेतला की अणूंची थरथर कमी होते आणि हायड्रोजन चांगले दिसतात. पण किनाऱ्यावरच्या हवेत स्फटिकावर बर्फ धरतो. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ आँगस्ट्रॉमला चित्रावर कडी उमटली तर ती बर्फाचीच. नायट्रोजनच्या झोताभोवतीची कोरड्या हवेची धार तपासा, यंत्राचं दार बंद ठेवा, खोलीत डीह्युमिडिफायर चालू ठेवा. जमत नसेल तर २९६ केल्विनवर घेतलेला स्वच्छ डेटा बर्फाळलेल्या १०० केल्विनपेक्षा कधीही बरा.

मॉलिब्डेनमसाठी दोन-थीटा (किरण वळण्याचा कोन) किमान ५० अंशांपर्यंत, पूर्णता ९९ टक्के, प्रत्येक परावर्तन सरासरी चार वेळा मोजलेलं. आर-इंट (समान परावर्तनांच्या मोजमापांतला फरक) ०.०५ च्या खाली उत्तम, ०.१० च्या वर गेलं तर आधी सममिती चुकली का ते बघा.

रचना सोडवणं

रचना सोडवणाऱ्या शेलएक्सटी प्रोग्रामला निकेल पहिल्याच झटक्यात सापडतो, कारण त्याचे २८ इलेक्ट्रॉन बाकी सगळ्यांवर भारी पडतात. चुका होतात त्या हलक्या अणूंत. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन लिहिला तर प्रोग्राम जास्तीचे इलेक्ट्रॉन थरथर वाढवून पातळ करतो, आणि त्या अणूचं लंबवर्तुळ (थरथर दाखवणारी आकृती) शेजाऱ्यांपेक्षा फुगतं. कमी इलेक्ट्रॉनांचा अणू लिहिला तर ते आक्रसतं. लंबवर्तुळं शेजाऱ्यांसारखी दिसेपर्यंत नावं तपासा.

असममित एककात (ज्यावरून सममिती बाकी सगळी रचना देते त्या भागात) अर्धाच रेणू दिसला तर घाबरू नका. दोन दातांचे दोन शिफ बेस असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये निकेल अनेकदा सममितीकेंद्रावर बसतो. तिथे त्याची व्याप्ती (अणूचा किती अंश मोजायचा तो आकडा) ०.५ असते आणि उरलेला अर्धा रेणू सममिती देते.

सगळे अणू अॅनायसोट्रॉपिक केले (थरथर दिशेनुसार वेगळी धरली) की हायड्रोजन घाला : सुगंधी आणि इमिनच्या कार्बनवर एफिक्स ४३ (हायड्रोजन भूमितीने बसवणारी आज्ञा), इथिलीनच्या कार्बनवर एफिक्स २३. पाण्याचे हायड्रोजन मात्र फरक-नकाशातच (मोजलेली वजा मॉडेलची इलेक्ट्रॉन घनता) शोधायचे आणि ओएच अंतर ०.८४ आँगस्ट्रॉमजवळ बांधायचं. ते कोणाकडे तोंड करून आहेत, हे हायड्रोजन बंधाच्या दृष्टीने पटलं पाहिजे.

सालेनची खरी खोच दोन नायट्रोजनांमधल्या इथिलीन पुलात आहे. हा पूल दोन्ही बाजूंना वळू शकतो, आणि स्फटिकात काही रेणू एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला वळलेले असतात. प्रोग्राम दोघांची सरासरी काढतो. मग कार्बन-कार्बन एकेरी बंध १.४० आँगस्ट्रॉम असा अशक्य आखूड येतो आणि दोन्ही लंबवर्तुळं रेणूच्या प्रतलाला लंब ताणलेली दिसतात. खरी लांबी १.५० ते १.५४ हवी. असं दिसलं की दोन्ही कार्बन भाग एक आणि भाग दोन असे फोडा, व्याप्तीसाठी एक मुक्त चल द्या, समान बंधांना साडी बंधन (लांबी सारखी ठेवणारी SADI आज्ञा) लावा. ०.६ विरुद्ध ०.४ अशी व्याप्ती येऊन आर-फॅक्टर उतरला तर फोड योग्य. एका भागाला ०.०५ आलं तर ती परत काढून टाका.

जाळीत ओळखू न येणारं द्रावक असेल तर प्लॅटॉन प्रोग्रामचं स्क्वीझ (ते द्रावक हिशेबातून वगळणारं साधन) वापरता येतं, पण आधी मॉडेल करून बघा. स्क्वीझ केलं तर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सांगा आणि ती कोणत्या द्रावकाशी जुळते ते लिहा. स्वच्छ दिसावं म्हणून स्क्वीझ करणं आम्हाला मान्य नाही.

शेवटी आर-एक (आर-फॅक्टर) ०.०५ च्या आत, गूफ (मॉडेल किती बसलं ते सांगणारा आकडा) १ च्या जवळ, आणि सगळ्यात मोठं उरलेलं शिखर निकेलपासून १ आँगस्ट्रॉमच्या आत असेल तर ते शोषणदुरुस्तीतलं समजून सोडता येतं. तेच शिखर मोकळ्या जागेत असेल तर काहीतरी राहिलं आहे.

आकड्यांची साक्ष

निकेल-ऑक्सिजन आणि निकेल-नायट्रोजन दोन्ही १.८५ आँगस्ट्रॉमच्या आसपास : चौरस-सपाट. दोन्ही २.० ते २.१ : अष्टफलकी. मधला आकडा आला आणि स्फटिक लाल होता तर अणूंची नावं, सममिती, सगळं पुन्हा उघडा. इमिनचा सी-एन बंध १.२८ ते १.३० हवा. तो १.४५ च्या पुढे असेल तर बंधाचं क्षपण होऊन अमीन झालं आहे, किंवा तुम्ही भलत्याच बंधाकडे बघताय.

निकेलभोवतीचे चार लगतचे कोन मिळून ३६० अंश व्हायला हवेत. सालेनमध्ये सहा अणूंच्या कड्यांतले दोन कोन ९४-९५, नायट्रोजन-निकेल-नायट्रोजन ८६ च्या आसपास आणि उरलेला ८५ च्या आसपास. सपाटपणा एका आकड्यात सांगायला टाऊ-चार वापरतात : ३६० मधून सगळ्यात मोठे दोन कोन वजा करा आणि १४१ ने भागा. कोन १७७.९ आणि १७८.४ असतील तर उत्तर ०.०३ येतं. शून्य म्हणजे चौरस-सपाट, एक म्हणजे चतुष्फलकी.

निकेल ते निकेल अंतरही बघा. सपाट रेणू एकमेकांवर पाठ टेकून बसतात, ३.२-३.३ आँगस्ट्रॉमचं अंतर दिसलं तर जोड्या आहेत. पण त्याला लगेच धातू-धातू बंध म्हणू नये. हिर्शफेल्ड पृष्ठाची (रेणूचे शेजाऱ्यांशी संपर्क दाखवणारी) रंगीत चित्रं त्यानंतर काढा, आणि ती काय नवीन सांगतात ते एका वाक्यात लिहिता येत असेल तरच छापा.

आता उरलेल्या भुकटीचा प्रश्न. मर्क्युरी हा मोफत प्रोग्राम एका स्फटिकाच्या रचनेवरून पावडर पॅटर्न (भुकटीच्या एक्स-रे शिखरांचा आलेख) काढून देतो. प्रयोगशाळेतल्या भुकटीचा पॅटर्न त्यावर ठेवा. शिखरं जुळली तरच 'आम्ही बनवलेल्या पदार्थाची ही रचना' असं म्हणता येतं. १०० केल्विनचा डेटा असेल तर खोलीच्या तापमानाला शिखरं थोडी डावीकडे सरकतात, कारण जाळी प्रसरण पावते. तो फरक सगळीकडे एकाच दिशेचा असतो. एखादं शिखर मुळातच जास्तीचं असेल तर भुकटीत दुसरी प्रावस्था, म्हणजे दुसरा पदार्थ किंवा दुसरं स्फटिकरूप आहे.

सीआयएफ चेकसिफ या तपासणी प्रोग्राममधून घाला. ए आणि बी दर्जाच्या सूचना दुरुस्त करा, दुरुस्त होत नसतील तर कारण लिहा. सी आणि जी बहुतेक वाचून सोडायच्या असतात, पण वाचायच्या. अॅडसिमने (सुटलेली सममिती शोधणाऱ्या चाचणीने) वरची सममिती सुचवली तर ती गंभीरपणे तपासा. मग परावर्तनांच्या यादीसह फाइल केंब्रिजच्या सीसीडीसी या स्फटिकरचनांच्या डेटा केंद्राकडे जमा करा. जमा करायला पैसे पडत नाहीत आणि मिळालेला क्रमांक शोधनिबंधात द्यायचा असतो. केंद्राकडून कच्च्या फ्रेम्सही मागून घ्या आणि ज्या कुपीतून स्फटिक उचलला ती, तारीख आणि वहीचा पान क्रमांक लिहून, डेसिकेटरमध्ये ठेवा. परीक्षकाने सहा महिन्यांनी नव्याने डेटा मागितला तर त्याच कुपीतला दुसरा स्फटिक लागतो.